कुत्र्याचं नवीन पिल्लू घरी आलंय? आमच्या ट्रेनरची पहिली व्हिजिट होईपर्यंत एवढं वाचून ठेवा

पिल्लू आणल्यावर तीन-चार दिवसांनी आम्हाला जो फोन येतो तो शेकहँड शिकवायचा म्हणून नसतो, सोफ्यावर शू केली म्हणून असतो. तेव्हा आधी शू-शीचंच बोलू, शेकहँड काय नंतर कधीही होतो.

दोन महिन्यांच्या पिल्लाला शू फार वेळ धरून ठेवताच येत नाही. साधा हिशोब असा की जितके महिने वय त्यात एक मिळवा, जास्तीत जास्त तेवढे तास, म्हणजे दोन महिन्यांचं असेल तर तीन, आणि तेही शांत झोपलेलं असताना, खेळत असेल तर अर्ध्या तासातसुद्धा होते. म्हणून झोपेतून उठलं, खाऊन झालं, खेळून झालं की लगेच उचलायचं आणि ठरलेल्या जागी न्यायचं. फ्लॅटमध्ये बहुतेक जण बाल्कनीत नाहीतर बाथरूममध्ये पेपर अंथरतात, चालेल, फक्त आज बाल्कनी उद्या पॅसेज असं करू नका. आधीच्या ओल्या पेपरचा एक तुकडा नव्या पेपरखाली ठेवला की वासावरून त्याला जागा कळते. जमिनीला नाक लावून गोल गोल फिरायला लागलं की समजा तुमच्याकडे पाच सेकंद आहेत! झाल्या झाल्या तिथेच खाऊ द्यायचा, हॉलमध्ये परत आल्यावर नाही, नाहीतर त्याला वाटतं हॉलमध्ये आलो म्हणून मिळाला.

चुकीच्या जागी केली तर नाक घासणं, पेपरची गुंडाळी करून मारणं हे अजून बऱ्याच घरात चालतं. त्यातून पिल्लू एवढंच शिकतं की माणसांसमोर करायची नाही, मग ते पलंगाखाली जाऊन करतं आणि तुम्ही बाल्कनीत अर्धा तास उभे राहिलात तरी तुमच्यासमोर करत नाही. गपचूप पुसून टाका. फिनाईलने वास आपल्यापुरता जातो, त्याच्या नाकाला येतच राहतो, म्हणून पेट शॉपमधलं एन्झाइमवालं क्लीनर घ्या.

रात्रीचं रडणं. कालपर्यंत ते आईला आणि भावंडांना चिकटून झोपत होतं, आज एकटं. पहिले काही दिवस त्याचं खोकं किंवा क्रेट (झोपायचा जाळीचा पिंजरा) तुमच्या पलंगाशेजारी ठेवा, हात खाली सोडला तरी पुरतं. किचनमध्ये कोंडलं की रडून रडून गप्प होईल म्हणणारे असतात, पण त्याआधी खालच्या मजल्यावरचे काका वर येतात.

आता चावणं. दुधाचे 28 दात असतात, चौथ्या महिन्याच्या आसपास पडायला लागतात आणि सहा-सात महिन्यांपर्यंत 42 पक्के येतात, म्हणजे तोवर हिरड्या शिवशिवणार आणि ते चावणारच. हात हे खेळणं नाही. दात लागले की खेळ तिथेच बंद, उठून पंधरा-वीस सेकंद बाजूला जायचं, ओरडायचं नाही, ओरडलं की त्याला वाटतं तुम्हीपण खेळताय. जुनी चप्पल चघळायला देऊ नका, जुनी कुठली आणि ऑफिसची कुठली हे त्याला कळत नाही. ओल्या फडक्याला गाठ मारून फ्रीजरमध्ये गार करून दिलं तर छान चालतं, फक्त समोर बसून. आणि दाताने ओरखडा आला किंवा रक्त आलं तर वाहत्या पाण्याखाली साबणाने 15 मिनिटं धुवून डॉक्टरकडे जा, "पिल्लूच तर आहे" म्हणून सोडू नका, त्याची रेबीजची लस अजून व्हायची असते.

किती जोरात चावायचं नाही हे पिल्लू भावंडांकडून शिकतं, म्हणून फार लवकर आईपासून तोडलेली पिल्लं जास्त त्रास देतात. 2017 च्या केंद्र सरकारच्या नियमांप्रमाणे आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकताच येत नाही, तरी महिन्याभराचं पिल्लू दोन महिन्यांचं सांगून गळ्यात मारणारे आहेत. आम्ही पिल्लं विकत नाही म्हणून हे मोकळेपणाने लिहितोय.

लसी साधारण सहा-आठ आठवड्यांपासून सुरू होतात, मग दर तीन-चार आठवड्यांनी सोळाव्या आठवड्यापर्यंत, रेबीजची तीन महिन्यांनंतर, बाकी तुमचे डॉक्टर सांगतील तसं. तोवर पार्किंगमध्ये, कचऱ्याजवळ खाली सोडू नका, पार्व्होचा, म्हणजे पिल्लांच्या जिवावर बेतणाऱ्या उलट्या-जुलाबांच्या आजाराचा, व्हायरस जमिनीत महिनोन्‌महिने टिकतो. पण घरात कोंडूनही ठेवू नका हं, कारण जगाची ओळख व्हायचे दिवस हेच, साधारण तीन ते साडेतीन महिन्यांपर्यंतचे. कडेवर घेऊन फिरवा, लिफ्ट, रिक्षा, हेल्मेटवाला डिलिव्हरी बॉय, छत्री, सगळं लांबून दाखवा आणि सोबत खाऊ. मोबाईलवर ढोल-ताशा आणि फटाक्यांचे आवाज आधी अगदी बारीक लावून ठेवा, गणपती-दिवाळीला उपयोगी पडेल.

खाण्यात अचानक बदल नको. दूध-पोळीने बऱ्याच पिल्लांना जुलाब होतात. चॉकलेट, कांदा, लसूण, द्राक्षं अजिबात नाही, आणि मनुका-बेदाणेसुद्धा नाही, म्हणजे प्रसादाचा शिरापण नाही. आजी टेबलाखालून काय देतात त्यावर लक्ष ठेवा, प्रेमाने देतात पण घरात एकाने "नाही" म्हणायचं आणि दुसऱ्याने द्यायचं असं असेल तर आमच्या ट्रेनरचाही इलाज चालत नाही.

पहिल्या व्हिजिटला म्हणूनच घरातले सगळे हवेत, आजी-आजोबा, मुलं आणि जमलं तर कामाच्या मावशीपण. पिल्लाला त्याआधी पोटभर खायला घालू नका, भूक असली की लक्ष देतं. लसीचं कार्ड काढून ठेवा.