उभ्या गाडीचं वय

जुनी गाडी घ्यायला निघालेल्या माणसाच्या तोंडी पहिला प्रश्न ठरलेला असतो : "रनिंग किती झालंय?" आकडा लहान असला की त्याचा चेहरा खुलतो. मागच्या वर्षी माझ्या मित्राचंही तसंच झालं. सहा वर्षांची पेट्रोल गाडी, मीटरवर फक्त १५,००० किलोमीटर. मालक मायेनं सांगत होते, "मुलांना शाळेत सोडायचं, आणायचं, एवढंच काम तिला. लांबच्या प्रवासाला कधी काढलीच नाही." रंग चकचकीत होता, सीट नव्यासारख्या होत्या. मित्र तिथेच हरखला. मी बॉनेट उघडायला लावलं आणि इंजिनात ऑइल ओतायच्या तोंडावरचं झाकण फिरवून काढलं. त्याच्या आतल्या बाजूला दुधाळ कॉफीच्या रंगाचा, सायीसारखा चिकट थर होता. बोटानं पुसला तर बोटावर ओलसर फेस आला.

हा थर त्या गाडीची सगळी दिनचर्या सांगत होता. सहा वर्षांत १५,००० म्हणजे दिवसाला सात किलोमीटरसुद्धा नाही, आणि तेही चार फेऱ्यांत वाटलेले. इंजिन तापायच्या आत गाडी परत दारात.

पेट्रोल जळताना धूर होतो हे सगळ्यांना ठाऊक असतं, पाणी होतं हे फारसं कुणाच्या लक्षात येत नाही. पेट्रोलमधला हायड्रोजन हवेतल्या ऑक्सिजनशी जोडला जातो आणि एक लिटर पेट्रोलमागे जवळपास एक लिटर पाणी तयार होतं. बहुतेक पाणी वाफ होऊन सायलेन्सरमधून निघून जातं. थंड सकाळी सायलेन्सरच्या टोकातून थेंब पडताना दिसतात ते हेच. पण थोडी वाफ पिस्टनच्या रिंगांच्या फटीतून खाली, ऑइलच्या टाकीकडे झिरपते. इंजिन चांगलं तापलेलं असेल तर ऑइलही शंभर अंशांच्या आसपास पोहोचतं, वाफ टिकत नाही आणि ती परत इंजिनात ओढली जाऊन बाहेर पडते. दोन किलोमीटरच्या फेरीत ऑइल कोमटच राहतं. वाफेचं पाणी होतं, ते ऑइलमध्ये घुसळलं जातं आणि सर्वांत थंड जागी, म्हणजे त्या झाकणाखाली, साय धरते. समोरचा काटा मध्यावर आला म्हणजे इंजिन तापलं असं आपण समजतो, पण तो काटा कूलंटचं, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याचं तापमान दाखवतो. ऑइल त्याच्या बरंच मागे असतं.

शिवाय थंड इंजिनाला सुरू व्हायला जास्त पेट्रोल लागतं. त्यातलं काही न जळता सिलिंडरच्या भिंतीवरून ओघळून ऑइलमध्ये मिसळतं आणि ते पातळ करतं. पाणी आणि जळण्यातून आलेली आम्लं एकत्र आली की धातू गंजायला लागतो. ही आम्लं मारण्यासाठी ऑइलमध्ये अल्कधर्मी द्रव्यं घातलेली असतात, पण ती खर्च होत जातात. म्हणून कमी चाललेल्या गाडीचं ऑइल ताजं असतं, हा समज चुकीचा आहे. गाडीबरोबर मिळणाऱ्या पुस्तकात ऑइल बदलण्यासाठी किलोमीटर आणि महिने असे दोन आकडे दिलेले असतात आणि पुढे लिहिलेलं असतं, 'जे आधी होईल ते'. बहुतेक पुस्तकांत 'कठीण वापर' असा एक वेगळा तक्ताही असतो. डोंगरातले रस्ते, धूळ, ओझं ओढणं यांच्या रांगेत तिथे छोट्या छोट्या फेऱ्यांचाही उल्लेख सापडतो. शाळेची ने-आण हा इंजिनाच्या दृष्टीनं कठीण वापर आहे, हे मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण घरोघरची गाडी नेमकी तशीच वापरली जाते.

यावर उपाय साधा आहे. आठवड्यातून एकदा गाडी अर्धा-पाऊण तास सलग, मोकळ्या रस्त्यावर चालवावी. दारात उभी करून इंजिन नुसतं चालू ठेवण्यानं हे साधत नाही. त्या अवस्थेत ऑइल फार हळू तापतं आणि तेवढा वेळ न जळालेलं पेट्रोल आत जातच राहतं. साय दिसली आणि कूलंटची पातळीही कमी होत असेल, तर मात्र मामला वेगळा. हेड गॅस्केटमधून, म्हणजे इंजिनाच्या दोन भागांमधल्या सीलमधून पाणी आत येत असू शकतं, आणि अशी गाडी मेकॅनिकनं पाहिल्याशिवाय घेऊ नये.

डिझेल गाडी घेणाऱ्यांनी तर हे घेण्याआधीच तोलून पाहावं. अलीकडच्या डिझेल गाड्यांच्या सायलेन्सरमध्ये काजळी अडवणारी गाळणी असते. साठलेली काजळी जाळून ती स्वतःला साफ करते, पण त्यासाठी आत साडेपाचशे-सहाशे अंशांच्या आसपास तापमान लागतं आणि ते काही काळ टिकावं लागतं. रोजची धाव दोन-तीन किलोमीटरची असेल तर ही सफाई अर्धवट सुटत राहते आणि गाळणी तुंबते. अशा घरानं डिझेल घेऊच नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता टायर. आमच्या त्या गाडीच्या टायरची नक्षी इतकी खोल होती की मित्र म्हणाला, "हे अजून पाच वर्षं जातील." नव्या टायरची नक्षी साधारण सात-आठ मिलिमीटर खोल असते आणि पुष्कळ देशांत कायद्यानं किमान १.६ मिलिमीटर लागते. त्या मापानं टायर उत्तम होते. पण रबराला झीज सोडून दुसरंही एक म्हातारपण येतं. कच्चं रबर उन्हात चिकट आणि थंडीत कडक होतं. १८३९ मध्ये चार्ल्स गुडइयर यांनी ते गंधकाबरोबर तापवलं आणि रबराच्या लांब साखळ्यांमध्ये गंधकाचे पूल बांधले गेले. तेव्हापासून रबर लवचीकही राहतं आणि आकारही सोडत नाही. अडचण अशी, की कारखान्यातून बाहेर पडल्यावरही हे रसायन पूर्ण थांबत नाही. हवेतला ऑक्सिजन आत झिरपतो, नवे पूल बांधले जातात, काही साखळ्या तुटतात आणि रबर वर्षागणिक कडक होत जातं. कडक रबर रस्त्याच्या खडबडीत पृष्ठभागात नीट रुतत नाही. ओल्या रस्त्यावर ब्रेक मारला की हा फरक जाणवतो. वरून ओझोन वायू पृष्ठभागावर बारीक भेगा पाडतो.

ओझोनपासून वाचवायला टायरच्या रबरात मेण आणि काही संरक्षक रसायनं मिसळतात. ती हळूहळू पृष्ठभागावर येऊन पातळ पापुद्रा धरतात. टायर फिरत असला, दबत-फुगत असला की हा पापुद्रा नव्यानं भरत राहतो. उभ्या गाडीच्या टायरला ती हालचाल मिळत नाही. म्हणजे न वापरलेला टायर जपला जातो असं नाही, काही बाबतीत तो उलट उघडा पडतो. त्यात हवा कमी असेल तर भार एकाच जागी पडून तिथे टायर चपटा होतो आणि नंतर गाडी धावताना थरथरते.

टायरचं वय त्याच्या अंगावरच कोरलेलं असतं. बाजूच्या भिंतीवर लांबट चौकटीत चार अंक सापडतील. २३१९ असं असेल तर टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनला. कधी कधी हा आकडा फक्त आतल्या बाजूला असतो, मग गुडघ्यावर बसून मोबाइलचा दिवा लावून बघावं लागतं. तेवढे कष्ट जरूर घ्यावेत. पाच वर्षांनंतर दरवर्षी टायर जाणकाराकडून तपासून घ्यावेत, आणि नक्षी कितीही शिल्लक असली तरी दहा वर्षांपुढे वापरू नयेत, असा सल्ला टायर बनवणारेच देतात. काही गाडी-उत्पादक तर सहा वर्षांचीच मर्यादा सांगतात. भिंतीवर केसासारख्या भेगा दिसल्या तर वर्षं मोजत बसू नये.

गाडीतला सर्वांत विसरलेला टायर म्हणजे स्टेपनी. हा शब्द आपण इतका आपलासा केलाय की तो एका रस्त्याच्या नावावरून आलाय हे सांगावं लागतं. १९०४ च्या सुमाराला वेल्समधल्या लानेली गावात, स्टेपनी स्ट्रीटवरच्या दुकानातून जादा चाकं विकली जाऊ लागली. स्टेपनी कधीच रस्त्याला लागत नाही, म्हणून तिची नक्षी नवीकोरी दिसते. वयानं मात्र ती मूळ टायरांएवढीच, आणि टायर एकदा बदललेले असतील तर त्यांच्याहून मोठी. हवाही तिच्यात बहुधा नसतेच. चांगला टायरसुद्धा महिन्याला एक-दोन पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) हवा गमावतो, आणि तापमान दहा अंश सेल्सिअसनं उतरलं की आणखी साधारण दीड. हवा महिन्यातून एकदा, टायर थंड असताना बघावी, स्टेपनीसकट. किती भरायची तो आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर चिकटवलेला असतो. टायरवर छापलेला आकडा ही सोसण्याची कमाल मर्यादा आहे, तेवढी हवा भरायची नसते.

ब्रेक ऑइलचं नाव ऑइल असलं तरी ते तेल नाही. ग्लायकॉल जातीचा हा द्रव हवेतलं पाणी शोषून घेतो. रबरी नळ्यांतून आणि टाकीच्या झाकणातून ओलावा आत येत राहतो, मग गाडी चालो वा न चालो. 'डॉट ४' प्रतीचं ताजं ब्रेक ऑइल किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळू नये असा नियम आहे. त्यात ३.७ टक्के पाणी मुरलं की ही हमी १५५ अंशांवर येते. आता दुसरी बाजू पाहा. १,२०० किलोची गाडी ताशी १०० किलोमीटर वेगावरून थांबवताना सुमारे ४६० किलोज्यूल ऊर्जा उष्णतेत बदलते. दीड लिटर पाण्याला उकळी आणायला ती पुरेल. घाट उतरताना असे ब्रेक पुन्हा पुन्हा लागतात. उष्णता डिस्ककडून पॅडकडे आणि तिथून ब्रेक ऑइलकडे जाते. ते उकळलं की नळीत बुडबुडे होतात. द्रव दाबला जात नाही म्हणून तर ब्रेक लागतो. वाफ दाबली जाते, आणि पाय दिला की पेडल मऊ होऊन खाली जातं. रोजच्या सपाट रस्त्यावर या गाडीनं कधीच तक्रार केली नसती. पहिल्याच मोठ्या सहलीत, सामान आणि माणसं भरलेली असताना केली असती. म्हणून साधारण दर दोन वर्षांनी ब्रेक ऑइल बदलावं, रनिंग बघू नये. घरातल्या माणसांना घेऊन जाणाऱ्या गाडीत यावर केलेल्या काटकसरीला मी काटकसर म्हणणार नाही.

बॅटरीचं गणित छोटं आहे. कुलूप लावलेली गाडीसुद्धा घड्याळ, अलार्म, कॉम्प्युटर यांच्यासाठी थोडा प्रवाह खात असते. तो ३० मिलिअँपिअर धरला तर महिन्याला २१-२२ अँपिअर-अवर होतात, म्हणजे ४५ अँपिअर-अवरच्या बॅटरीतला जवळपास अर्धा साठा. अर्ध्यावर पडून राहिलेल्या बॅटरीच्या प्लेटांवर लेड सल्फेटचे स्फटिक घट्ट होत जातात आणि मग चार्ज केलं तरी ते पुरते विरघळत नाहीत. चांगली भरलेली बॅटरी, गाडी काही तास उभी असताना, १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते. १२.२ म्हणजे निम्मी रिकामी. साधा व्होल्टमीटर घरात असावा. इलेक्ट्रिक गाडीतही दिवे आणि कुलपांसाठी बहुधा अशीच छोटी बॅटरी असते, तिच्याकडेही लक्ष ठेवावं लागतं.

उरलेलं थोडक्यात. कूलंटमधली गंजरोधक द्रव्यं काळाबरोबर संपतात आणि त्याच्या रंगावरून प्रत ओळखता येत नाही, तेव्हा पुस्तकात दिलेलंच घालावं, नळाचं पाणी घालू नये. पिस्टन आणि व्हॉल्व्ह यांची चाल जुळवणारा टायमिंग बेल्ट रबरी असेल तर त्यालाही वर्षांची मुदत असते. तो तुटला की बऱ्याच इंजिनांत पिस्टन थेट व्हॉल्व्हवर आदळतात. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर सपाट जागी गिअरमध्ये टाकून चाकांखाली अडसर म्हणून दगड किंवा ठोकळे लावावेत आणि हँडब्रेक सोडून ठेवावा, नाहीतर पॅड किंवा लायनर चिकटून बसतात. एसी गरज नसली तरी अधूनमधून दहा मिनिटं चालवावा, कारण त्याचं वंगण गॅसबरोबरच फिरतं आणि सील ओलसर ठेवतं.

मित्रानं ती गाडी शेवटी घेतली. सर्व्हिस बुकात तारखा शोधल्या तेव्हा कळलं की सहा वर्षांत ऑइल तीनदा बदललं होतं आणि ब्रेक ऑइल एकदाही नाही. चारही टायर आणि स्टेपनी गाडीच्याच वयाचे निघाले. या सगळ्याचा खर्च मांडून तेवढी किंमत मालकांनी कमी केली, आणि तेही मोकळ्या मनानं, कारण आपलं काही चुकतंय याची त्यांना खरोखर कल्पना नव्हती. ऑइल, ब्रेक ऑइल, कूलंट, टायर सगळं बदलून झाल्यावर मित्र दर रविवारी तिला तासभर फिरवून आणू लागला. दीड महिन्यानं त्यानं मला दारात उभं करून पुन्हा तेच झाकण उघडून दाखवलं. आत फक्त ऑइलचा पातळ, सोनेरी ओलावा होता.