पाच मिलिलिटरचा क्लच

आमच्या सोसायटीत रोज सकाळी पावणेनऊला ‘खर्रर्र’ असा आवाज यायचा. शेजारचे काका गाडी रिव्हर्समध्ये टाकत असायचे. आठवडाभराने ते गॅरेजात जाऊन निकाल घेऊन आले, “क्लच प्लेट गेली म्हणतोय. गिअरबॉक्स उतरवावा लागेल.” काकूंनी त्याआधीच पुढच्या बंपरला ताजी लिंबू-मिरची बांधली होती. दुखण्याशी दोन्ही उपायांचा संबंध सारखाच होता, पण त्यातला एक निदान दहा रुपयांचा होता.

इंजिन आणि गिअरबॉक्स यांना जोडणारी, आणि पेडल दाबलं की सोडवणारी पकड म्हणजे क्लच. त्यातली क्लच प्लेट इंजिनाबरोबर फिरणारं फ्लायव्हील (जड चाक) आणि स्प्रिंगने रेटलेली प्रेशर प्लेट यांच्यात चेपलेली असते. हा क्लच दोन उलट तऱ्हांनी बिघडतो आणि आपण दोन्हींना ‘क्लच गेला’ म्हणून मोकळे होतो. प्लेट झिजली की पकड सुटायला लागते. चढावर इंजिन ओरडतं, गाडी मात्र रेटत नाही, जळका वास येतो. काकांच्या गाडीची पकड भक्कम होती, दुखणं होतं ते ती सुटत नव्हती याचं. पेडल तळाला टेकवलं तरी इंजिन गिअरबॉक्सला थोडं थोडं फिरवतच होतं.

हे आधी रिव्हर्सलाच का कळतं? पुढच्या गिअरांत पितळेच्या कड्या असतात. दात जुळण्याआधी त्या घर्षणाने दोन्ही बाजूंचा वेग सारखा करतात आणि चूक काही काळ झाकून नेतात. रिव्हर्सला बऱ्याच गाड्यांत ही सोय नसते, म्हणून दात थेट दातांवर आपटतात. खात्री करायची तर इंजिन चालू ठेवून क्लच पूर्ण दाबा, चार-पाच सेकंद थांबा आणि मग रिव्हर्स टाका. एवढ्या वेळात गिअरबॉक्सचा आतला दांडा थांबायला हवा. तरीही खरखर झाली तर त्याला कोणीतरी फिरवतंय. इंजिन बंद असताना सगळे गिअर लोण्यासारखे पडत असतील, तर संशय आणखी पक्का.

आता माझा आवडता भाग. काकांच्या गाडीसारख्या हायड्रॉलिक क्लचमध्ये पायाचा जोर द्रवातून जातो. पेडलपाशी मास्टर सिलिंडर, गिअरबॉक्सपाशी स्लेव्ह सिलिंडर आणि मध्ये पाइप. शाळेतला पास्कलचा नियम (बंद द्रवावरचा दाब सगळीकडे सारखा पोचतो) इथे रोज राबतो. उदाहरणादाखल आकडे घेऊ. मास्टरचा व्यास 16 मिमी आणि त्याचा दट्ट्या 25 मिमी सरकतो असं धरलं, तर पायाने ढकललेला द्रव भरतो जेमतेम 5 मिलिलिटर, म्हणजे चहाचा एक चमचा! स्लेव्हचा व्यास 20 मिमी असेल तर तिथला दट्ट्या 16 मिमी सरकतो. तो दांड्याने फोर्क नावाची तरफ ढकलतो, तिने त्याचे 8 मिमी होतात, तेवढं रिलीज बेअरिंग (स्प्रिंगवर टेकणारी फिरती कडी) पुढे जातं. प्रेशर प्लेट रेटणाऱ्या ताटलीसारख्या डायफ्राम स्प्रिंगच्या बोटांची तरफ त्याचेही चौथाई करते, म्हणजे प्रेशर प्लेट उचलली जाते 2 मिमी. त्यातला साधारण 1 मिमी क्लच प्लेटच्या पोटातले नागमोडी पत्रे फुगून खाऊन टाकतात. उरला 1 मिमी, आणि तोही दोन बाजूंत वाटायचा. एवढ्या अर्ध्या-अर्ध्या मिलिमीटरच्या फटीवर आपण ट्रॅफिकमध्ये दिवसातून शेकडो वेळा विसंबतो.

हे 5 मिलिलिटर ज्यातून ढकलायचे त्या पाइपात 1 मिलिलिटर हवा शिरली तर? द्रव 20 वातावरणांच्या (हवेच्या नेहमीच्या दाबाच्या वीसपट) दाबाखाली हजारात एखादा भागच आक्रसतो. हवा मात्र बॉइलच्या नियमाने विसाव्या हिश्श्यावर येते. म्हणजे तुमच्या ढकलण्यातला 0.95 मिलिलिटर नुसता बुडबुडा चेपण्यात गेला. स्लेव्ह 3 मिमी कमी सरकला, बेअरिंग दीड मिमी आणि प्रेशर प्लेट जवळजवळ 0.4 मिमी. आपल्याकडे शिल्लक होता 1 मिमी. बुडबुडा 2 मिलिलिटरचा असेल तर दोन्ही बाजूंना मिळून 0.2 मिमी उरतो, म्हणजे दर बाजूला वहीच्या एका कागदाएवढी फट. फिरताना प्लेट जरा डुलली तरी ती घासणारच.

(आकडेमोड नको वाटली असेल तर इथून पुढे वाचा.)

म्हणून पेडल दोन-तीनदा भरभर मारून पाहायचं. त्याने गिअर सहज पडू लागला तर प्लेटवर नाही, हवेवर किंवा सिलिंडरच्या रबरी सीलवर संशय घ्या. झटपट पंप केल्याने टाकीतून जादा द्रव पाइपात ओढला जातो आणि तूट तात्पुरती भरून निघते. दुसरी चाचणी सपाट, मोकळ्या जागेत, हँडब्रेकवर हात ठेवून. पहिला गिअर टाकून क्लच अर्धा मिनिट दाबून धरा. गाडी हळूहळू सरकू लागली तर मास्टरचं सील आतल्या आत गळत असावं. बाहेर थेंब पडत नाही आणि टाकीतली पातळीही उतरत नाही, म्हणून हा चोर सापडायला वेळ लागतो.

निर्णायक चाचणी मात्र स्लेव्हच्या दांड्याची. एकाने पेडल दाबायचं आणि दुसऱ्याने दांडा किती सरकतो ते पट्टीने मोजायचं. दांडा कमी सरकला तर दोष गिअरबॉक्सच्या बाहेर, पेडल ते स्लेव्ह या वाटेत आहे. पुरता सरकूनही क्लच सुटत नसेल तर दोष आत: वाकलेली प्लेट, झिजलेला फोर्क, तुटलेली डायफ्रामची बोटं किंवा गंजलेल्या खाचांवर अडकणारी प्लेट. तेव्हाच गिअरबॉक्स उतरवा. काही गाड्यांत स्लेव्ह गिअरबॉक्सच्या आतच असतो, तिथे ही सोय नाही. केबलवाल्या क्लचमध्ये आधी केबल आणि तिची जुळणी पाहायची. 2020 च्या टाळेबंदीसारखी गाडी महिनोन्‌महिने उभी राहिली, त्यातून कोकणातला पावसाळा, तर प्लेट फ्लायव्हीलला गंजाने चिकटूनही बसते. मग पेडल नेहमीसारखं लागतं, पण इंजिन चालू असताना गिअरच पडत नाही.

काकांचा दांडा निम्माच सरकत होता. स्लेव्हची रबरी टोपी मागे सारली, तर आत ओल. नवा स्लेव्ह बसला, मग हवा काढायचा कार्यक्रम. काका पेडलवर, मेकॅनिक खाली: “दाबा... धरून ठेवा... आता सोडा.” पारदर्शक नळीतून बुडबुडे यायचे थांबेपर्यंत अर्धा तास गेला. वर ओतलेल्या द्रवाला आपण ‘ब्रेक ऑइल’ म्हणतो, पण ते ग्लायकॉलच्या जातीचं असतं. त्याऐवजी कुणी इंजिन ऑइल ओतलं की सीलं फुगून खराब होतात. शिवाय हे ‘ब्रेक ऑइल’ हवेतली ओल शोषतं. काकांनी उरलेली अर्धी बाटली “पुढच्या वेळेला होईल” म्हणून माळ्यावर ठेवली आहे. ती गुपचूप काढून टाकायचं काम काकूंनी माझ्याकडे सोपवलंय.