पक्षाघातानंतरचे आयुर्मान

पक्षाघातानंतरचे आयुर्मान : मेंदूचा रक्तपुरवठा अचानक तुटल्याने किंवा मेंदूतील रक्तवाहिनी फुटल्याने पक्षाघात होतो. त्यातून वाचलेला माणूस पुढे किती वर्षे जगतो आणि ते कशाकशावर ठरते, याचा विचार या नोंदीत केला आहे. या आजाराला लकवा, अर्धांगवायू अशीही नावे आहेत. नाशिक जिल्ह्याच्या खेड्यापाड्यांत ‘अंगावरून वारं गेलं’ असे म्हणतात. या शेवटच्या नावाने बरेच नुकसान केले आहे. आजार वाऱ्याचा म्हटला की आधी शेक, मालिश, कबुतराचे रक्त चोळणे हे उपाय सुचतात आणि दवाखान्याची आठवण दुसऱ्या दिवशी होते.

पक्षाघाताचे मुख्य प्रकार दोन. गुठळीने वाहिनी बंद होण्याचा प्रकार पाचांपैकी सुमारे चार रुग्णांत दिसतो. वाहिनी फुटून मेंदूत रक्तस्राव होण्याचा प्रकार त्यापेक्षा कमी आढळतो, पण सुरुवातीला तोच अधिक जीवघेणा असतो : रक्तस्रावाच्या सुमारे ४० टक्के रुग्णांचा मृत्यू पहिल्या महिन्यातच होतो. मुंबईत २००५-०६ मध्ये झालेल्या नोंदणीत सर्व प्रकार मिळून पहिल्या २८ दिवसांत सुमारे ३० टक्के रुग्ण दगावल्याचे दिसले. हा पहिला महिना पार केल्यावर मात्र दोन्ही प्रकारांतील फरक बराच पुसट होतो आणि आयुष्याची लांबी वेगळ्याच गोष्टींवर ठरू लागते.

झटका पुन्हा येणे ही त्यांतली सर्वांत मोठी गोष्ट. अनेक देशांतील अभ्यास एकत्र करून २०११ मध्ये मांडलेल्या हिशेबानुसार पहिल्या वर्षात सुमारे ११ टक्के, पाच वर्षांत २६ टक्के आणि दहा वर्षांत ३९ टक्के रुग्णांना दुसरा झटका येतो. दुसरा झटका पहिल्यापेक्षा जास्त अपंगत्व देतो. याखेरीज सुरुवातीच्या काळानंतर जे रुग्ण दगावतात त्यांतल्या अनेकांच्या मृत्यूचे कारण मेंदू नसून हृदय असते. मेंदूची वाहिनी ज्या आजाराने बंद झाली, तोच आजार हृदयाच्या वाहिन्यांतही असतो. म्हणून ‘हात हलायला लागला, आता बरे झाले’ हा समज फार घातक आहे. हात सुधारला तरी रक्तदाब होता तिथेच असतो.

वय आणि झटक्याची तीव्रता हे दोन घटक कोणाच्या हातात नसतात. वय जितके जास्त आणि पहिल्या दिवशी शुद्ध जितकी हरपलेली, तितके पुढचे आयुष्य कमी, असे जवळजवळ प्रत्येक अभ्यासात आढळते. पण तीव्रता पूर्णपणे दैवाधीन नाही. मोठी वाहिनी बंद झाली की उपचाराविना दर मिनिटाला मेंदूतील सुमारे १९ लाख चेतापेशी मरतात. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. निवडक रुग्णांत तारेच्या साहाय्याने गुठळी बाहेर काढण्याची मुदत २४ तासांपर्यंत जाते. कमी अपंगत्व घेऊन घरी गेलेला रुग्ण पुढे जास्त वर्षे जगतो, त्यामुळे या पहिल्या तासांचा हिशेब दहा वर्षांनीही लागत राहतो.

नाशिकमध्ये हा हिशेब भूगोलाशी येऊन भिडतो. शहरातल्याच सिडको किंवा सातपूरच्या रुग्णाला सिटी स्कॅनची सोय जवळ आहे. डोंगराळ सुरगाणा तालुक्यातल्या पाड्यावरून निघालेल्या रुग्णाला घाटरस्त्याने शहर गाठायलाच दोन-अडीच तास जातात, आणि वाटेत दोन दवाखान्यांत थांबणे झाले की साडेचार तास तिथेच संपतात. तोंड वाकडे होणे, एक हात खाली पडणे, बोलणे अडखळणे यांपैकी काहीही दिसताच १०८ क्रमांकाला फोन करून सिटी स्कॅन असलेल्या रुग्णालयातच जाणे, एवढे एक पाऊल पुढची वर्षे वाचवते. स्कॅन होण्यापूर्वी घरीच ॲस्पिरिन देऊ नये. झटका रक्तस्रावाचा असला तर ती गोळी घात करते.

रुग्णालयातील साध्या काळजीचा परिणाम किती लांबवर जातो, हे फारसे कुणाला सांगितले जात नाही. ऑस्ट्रेलियातील १९ पक्षाघात विभागांत परिचारिकांनी ताप, रक्तातील साखर आणि गिळण्याची क्षमता या तीनच गोष्टींवर ठरलेल्या पद्धतीने लक्ष ठेवले. तीन महिन्यांनी मृत्यू आणि परावलंबन कमी दिसलेच, शिवाय चार वर्षांनंतरही त्या रुग्णांत जिवंत असणाऱ्यांचे प्रमाण अधिक होते. यांतला गिळण्याचा मुद्दा आपल्याकडे विशेष महत्त्वाचा आहे. रुग्ण आला की नातलग प्रेमाने चहा, पाणी, पेज पाजतात. घशाचे स्नायू लुळे असतील तर तो घोट फुप्फुसात उतरतो आणि न्यूमोनिया होतो. गिळता येते की नाही हे तपासून होईपर्यंत तोंडात काहीही न घालणे हीच त्या वेळची खरी माया.

घरी आल्यावर रक्तदाब हा सगळ्यांत महत्त्वाचा धागा. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सहा हजारांहून अधिक रुग्णांच्या चाचणीत एका किंवा दोन औषधांच्या आधारे रक्तदाबाचा वरचा आकडा सरासरी ९ने आणि खालचा ४ने उतरला आणि नवे झटके २८ टक्क्यांनी घटले. एवढा फायदा देणारी दुसरी स्वस्त गोष्ट सापडणे कठीण. तरीही ‘बीपी नॉर्मल आला’ म्हणून गोळी बंद केली जाते, वास्तविक तो गोळीमुळेच नॉर्मल आलेला असतो. द्राक्षाच्या हंगामात, जानेवारी ते एप्रिल, बागेतले काम सोडून तपासणीला जाणे जमत नाही आणि पाकीट संपले तरी नवे आणले जात नाही. हंगामभर पुरतील एवढ्या गोळ्या आधीच घरात आणून ठेवणे हा त्यावरचा साधा उपाय. मीठ दिवसाला पाच ग्रॅमच्या आत हवे. पापड, लोणचे, शेव यांतून ते न कळत दुप्पट होते.

हृदयाचे ठोके अनियमित पडण्याच्या आजारात, म्हणजे एट्रियल फिब्रिलेशनमध्ये, पक्षाघाताचा धोका सुमारे पाच पट होतो. वॉरफॅरिनसारख्या रक्त पातळ करणाऱ्या औषधाने तो जवळजवळ दोन तृतीयांशांनी कमी होतो. वॉरफॅरिन घेणाऱ्याने आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो हे पाहणारी तपासणी, चुकवू नये, आणि पालक, मेथी, शेपू रोजच्या प्रमाणात खावे : एकदम वाढवले किंवा बंद केले की औषधाचा मेळ बिघडतो. मधुमेह, मूत्रपिंडाचा आजार, वाढलेले कोलेस्टेरॉल हेही आयुष्य घटवतात. तंबाखूचे तसेच. सिन्नरच्या विडीचा आणि मशेरीचा हा जिल्हा आहे, म्हणून सांगायलाच हवे की धूम्रपान सोडल्यावर साधारण पाच वर्षांत पक्षाघाताचा धोका कधीच न ओढणाऱ्याच्या जवळपास येतो.

सुमारे तीनपैकी एका रुग्णाला झटक्यानंतर नैराश्य येते आणि अशा रुग्णांत मृत्यूचे प्रमाणही जास्त आढळते. रडणे, न जेवणे, व्यायामाला नकार देणे याला घरात ‘हट्ट’ म्हणतात. तो आजाराचाच भाग आहे आणि त्यावर औषध आहे. अंथरुणात पडून राहिल्याने शय्याव्रण होतात, पायात गुठळ्या धरतात, छाती भरते. त्यामुळे चालते करणे हा आयुष्य वाढवण्याचाच उपचार ठरतो. भारतातील १४ रुग्णालयांत १,२५० रुग्णांवर झालेल्या आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत कुटुंबीयांना प्रशिक्षण देऊन घरीच व्यायाम करवून घेतले गेले, पण सहा महिन्यांनी मृत्यू किंवा परावलंबन कमी झाल्याचे दिसले नाही. घरच्यांची सेवा वाया जाते असा याचा अर्थ काढू नये. तिला प्रशिक्षित फिजिओथेरपिस्टची जोड हवी, आणि शहराबाहेर तोच दुर्मीळ आहे. आठवड्यातून तीनदा गाडी करून शहरात यायचे, सोबतच्या माणसाने मजुरी बुडवायची, हे दोन-तीन महिने चालते, मग व्यायाम थांबतो. सून किंवा पत्नी एकटीच उचलणे, पुसणे, भरवणे करत राहते. तिची पाठ आणि तिची झोप यांवरही रुग्णाचे आयुष्य अवलंबून असते.