‘मारणारा कशानंही मारतो’ हे खरं नाही

‘देशी बनावटीचे पिस्तूल व जिवंत काडतुसे जप्त, स्थानिक गुन्हे शाखेची कारवाई.’ सातारा-सांगलीच्या पेपरांत ही बातमी इतकी नेहमीची झाली आहे की तिला आतल्या पानावर जेमतेम एक कॉलम मिळतो. तिच्यावर बोलणं निघालं की कुणीतरी हमखास म्हणतं, ‘ज्याला मारायचंय तो कोयत्यानंही मारतो. कोयता तर ऊसपट्ट्यात घरोघरी आहे, त्यावर बंदी घालणार का?’

ऐकायला हे बिनतोड वाटतं. अमेरिकेत बंदुकांच्या कायद्यावरचा वाद कित्येक दशकं याच वाक्याभोवती फिरतो आहे. पण त्यात एक गृहीत दडलेलं आहे: मरण हल्लेखोराच्या इराद्यावर ठरतं, हत्यारावर नाही. हे गृहीत तपासता येतं, आणि ते तपासलं गेलंही आहे.

फ्रँकलिन झिमरिंग या कायद्याच्या अभ्यासकानं 1968 मध्ये शिकागो पोलिसांच्या नोंदी घेऊन चाकूचे हल्ले आणि बंदुकीचे हल्ले शेजारी शेजारी मांडले. दोन्हींची सुरुवात बरीचशी सारखी होती. ओळखीची माणसं, शब्दाला शब्द, बऱ्याचदा पोटात दारू. ठरवून, आखून केलेले खून थोडेच. तरीही बंदुकीच्या हल्ल्यात मरणाऱ्यांचं प्रमाण चाकूच्या सुमारे पाचपट निघालं.

यावर लगेच आक्षेप येतो की ज्याचा इरादा पक्का तोच बंदूक उचलतो. म्हणून 1972 मध्ये झिमरिंगनं फक्त बंदुकीच घेतल्या आणि .22 व .38 या कॅलिबरच्या जखमांची तुलना केली. कॅलिबर म्हणजे ढोबळमानानं गोळीची जाडी; .22 सारखे आकडे इंचातले. भांडणात माणूस हाताशी असेल ते हत्यार उचलतो, कॅलिबर बघून राग वाढत नाही. तरी .38 ची जखम सुमारे दुप्पट जीवघेणी ठरली. पुढे अँथनी ब्रागा आणि फिलिप कुक यांनी बॉस्टनमधल्या 2010 ते 2014 च्या गोळीबारांवर हेच काम अधिक काटेकोरपणे केलं आणि ते 2018 मध्ये प्रसिद्ध झालं. कॅलिबर वाढलं तरी जखमांची संख्या, जागा, घटनेची परिस्थिती यांत फारसा फरक नव्हता. म्हणजे मोठ्या कॅलिबरवाले नेम धरून किंवा जास्त चिडून मारत होते असं नव्हतं. तरीही लहान कॅलिबरच्या तुलनेत मध्यम कॅलिबरच्या गोळीनं जीव जाण्याची शक्यता सव्वादोनपट आणि मोठ्या कॅलिबरनं साडेचारपट निघाली. साऱ्या बंदुका लहान कॅलिबरच्या असत्या तर तिथले गोळीबारातले खून सुमारे 40 टक्क्यांनी कमी झाले असते, असा त्यांचा हिशेब आहे.

हे असं का होतं, ते शरीरात शिरून पाहायला हवं.

शाळेतलं सूत्र आठवा: गतिज ऊर्जा म्हणजे वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग, भागिले दोन. 9 मिमीची गोळी साधारण 8 ग्रॅमची, वेग सेकंदाला 360 मीटरच्या आसपास. ऊर्जा येते सुमारे 500 ज्यूल. .32 ची गोळी साडेचार ग्रॅमच्या जवळपास, वेग 275 मीटर, म्हणजे पावणेदोनशे ज्यूलच्या आत-बाहेर. पण ऊर्जेचा आकडा मोठा म्हणून मरण जवळ, असं सरळ गणित नाही. हे ठासून सांगणारा माणूस म्हणजे मार्टिन फॅकलर. व्हिएतनाम युद्धात काम केलेला हा लष्करी सर्जन. सॅन फ्रान्सिस्कोच्या लेटरमन संस्थेत त्यानं 10 टक्के जिलेटिनचे ठोकळे 4 अंश सेल्सिअसला थंड करून त्यांत गोळ्या झाडल्या. असा ठोकळा घट्ट खरवसासारखा दिसतो, पण गोळीला त्याचा अडथळा जवळपास स्नायूइतकाच होतो. प्रत्येक ठोकळा आधी पारखून घ्यायचा: 4.5 मिमीचा पोलादी छर्रा सेकंदाला 180 मीटर वेगानं मारला की तो साडेआठ सेंटिमीटर खोल जायला हवा. गेला नाही तर ठोकळा बाद. मोजमापाआधी मोजपट्टी तपासायची ही शिस्त मला फार मोलाची वाटते.

त्या पारदर्शक ठोकळ्यात दोन गोष्टी दिसतात. पहिली, गोळीनं प्रत्यक्ष चिरडलेला मार्ग, म्हणजे कायमची पोकळी. दुसरी, गोळी जाताना ऊती बाजूला ढकलल्या गेल्यानं क्षणभर फुगून परत मिटणारी, म्हणजे तात्पुरती पोकळी. पिस्तुलाच्या वेगाला ही दुसरी पोकळी लहान असते. स्नायू, फुप्फुस, आतडं लवचीक असल्यानं ती बरीचशी सोसतात. यकृत आणि मेंदूत ती लवचिकता नाही, ते फाटतात. रायफलच्या गोळीचा वेग याच्या दुपटीहून जास्त असल्यानं तिथं तात्पुरती पोकळीही जीवघेणी होते. पिस्तुलाच्या बाबतीत मात्र खरा प्रश्न एवढाच उरतो: चिरडलेला मार्ग किती जाड, किती खोल, आणि वाटेत मोठी रक्तवाहिनी लागली का. जाडी थोडी वाढली तरी मार्गाच्या छेदाचं क्षेत्रफळ वर्गात वाढतं. .22 चा व्यास साडेपाच मिमीच्या आसपास, .38 चा नऊ. क्षेत्रफळ अडीचपटीच्या वर जातं. शिकागोच्या नोंदींतली ‘सुमारे दुप्पट’ या शरीरशास्त्राशी जुळते.

आता कोयता घ्या. तो जवळ जाऊन चालवावा लागतो. समोरचा हात आडवे करतो, मागे सरतो, पळतो. म्हणून अशा जखमी माणसाच्या हातांवर बचावाचे वार आढळतात. वार डोक्यात किंवा मानेवर बसला तर तोही जीव घेतो, यात शंका नाही. पण पुष्कळदा वार बाहेरून दिसतो, रक्त बाहेर वाहतं आणि फडकं दाबून धरता येतं. गोळीचं छिद्र लहान आणि रक्तस्राव पोटात किंवा छातीत, जिथं कुणाचा हात पोचत नाही. गावठी कट्ट्याच्या नळीत आटे नसल्यानं गोळी फिरत नाही, कलंडत जाते आणि लांबचा नेम चुकतो, हे खरं. पण भांडण चार-पाच फुटांवरचं असतं, आणि आडवी शिरलेली गोळी जास्त जाड मार्ग चिरडते.

सिनेमात गोळी लागलेला माणूस मागे उडून पडतो, तेही साफ खोटं. 8 ग्रॅमच्या त्या गोळीचा संवेग 60 किलोच्या माणसाला दिला, तर त्याला सेकंदाला पाच सेंटिमीटरचा वेग मिळेल. आणि कुणी वाचला की ‘आयुष्याची दोरी बळकट’ म्हणायचं, कुणी गेला की ‘भरली होती’ म्हणायचं, ही सवयही सोडायला हवी. दोरी म्हणतात ती गोळीच्या मार्गातले दोन सेंटिमीटर असते, आणि तासाभरात मिळालेला सर्जन असतो. अँथनी हॅरिस आणि सहकाऱ्यांनी 2002 मध्ये दाखवलं की अमेरिकेत 1960 नंतर हल्ल्यांतल्या मरणाचं प्रमाण घटलं, त्यात मोठा वाटा सुधारलेल्या तातडीच्या उपचारांचा आहे. मिरजेत जखमी झालेला आणि जत तालुक्याच्या टोकाला किंवा पाटणच्या डोंगरात जखमी झालेला, यांची जखम एक असली तरी संधी एक नाही.

ठरवून मारणाऱ्यांना हे सगळं ठाऊक असतं. आपल्या साताऱ्याचे डॉ. नरेंद्र दाभोलकर यांना 20 ऑगस्ट 2013 ला पुण्यात मारलं ते पिस्तुलानं. गोविंद पानसरे यांच्यावर 2015 मध्ये कोल्हापुरात हल्ला झाला तोही गोळ्या झाडून. कोणतंही हत्यार सारखंच असतं, तर मारेकऱ्यांनी बेकायदा पिस्तूल मिळवण्याचा धोका का पत्करला असता?

कायदाही या फरकावरच चालतो, फक्त आपण तसं बोलत नाही. भारतीय न्याय संहितेत खुनाचा प्रयत्न कलम 109 आणि खून कलम 103. पोलीस ठाण्यात अजूनही ‘तीनशे सात’ आणि ‘तीनशे दोन’च म्हणतात. एकाच भांडणातला एकच राग या दोन कलमांपैकी कुठं जाईल, हे पुष्कळदा गोळी किंवा पातं किती खोल गेलं यावर ठरतं. शिक्षा वाढवण्यावर आपल्याकडे भरपूर वाद होतो. 2019 च्या दुरुस्तीनं शस्त्र कायद्यात बेकायदा शस्त्रनिर्मितीची शिक्षा जन्मठेपेपर्यंत नेली, एका माणसाच्या परवान्यावरच्या बंदुका तीनवरून दोनवर आणल्या. पण भडकलेला माणूस कलम आठवत नाही. त्या क्षणी त्याच्या हाताला काय लागतं, एवढंच उरतं.

म्हणून माझं लक्ष बातमीतल्या ‘जिवंत काडतुसे’ या शब्दांकडे जातं. कट्टा लेथवर, पाइपच्या तुकड्यातून होतो. काडतूस तसं होत नाही. पितळी नळकांडं, ठिणगी देणारा प्रायमर, मोजून भरलेली दारू, यांना कारखाना लागतो. परवानाधारकाची काडतूसखरेदी नोंदवली जाते, म्हणजे वाट शोधायला कागद आहे. जप्त काडतुसाच्या बुडावर कारखान्याची खूण असते. ती खूण आणि कॅलिबर पोलिसांच्या प्रसिद्धीपत्रकात यावं. जिल्ह्याच्या गुन्हे आकडेवारीत 109 आणि 103 च्या प्रत्येक गुन्ह्यासमोर हत्यार, कॅलिबर आणि रुग्णालयात पोचायला लागलेला वेळ लिहावा. एवढ्या तीन रकान्यांवर सातारा आणि सांगलीसाठी बॉस्टनसारखा अभ्यास कॉलेजातले विद्यार्थीही करू शकतील.