किडनी घरातच का शोधावी लागते?

किडनी निकामी होऊ लागली की रक्तातलं क्रिएटिनिन चढत जातं, डायलिसिससाठी हातावर फिस्टुला (शीर आणि धमनीचा जोड) होतो, आठवड्यातून दोन-तीनदा चार-चार तास डायलिसिसमध्ये जायला लागतात, पाणीसुद्धा मोजून प्यावं लागतं. मग एका व्हिजिटला नेफ्रॉलॉजिस्ट, म्हणजे किडनीचे डॉक्टर, विचारतात, "घरात कुणी डोनर आहे का?" मित्र, शेजारी, ऑफिसातला सहकारी यांच्याबद्दल सहसा कुणी विचारत नाही. असं का, हे समजून घ्यायचं तर थोडं मागे जावं लागतं.

सुरुवात रक्ताच्या नात्यातच झाली. २३ डिसेंबर १९५४ ला बोस्टनमध्ये डॉ. जोसेफ मरे यांच्या चमूने रोनाल्ड हेरिकची किडनी त्याच्या एकसारख्या जुळ्या भावाला, रिचर्डला बसवली. रिचर्डच्या शरीराला ती परकी वाटली नाही आणि तो पुढे आठ वर्षं जगला. इतर रुग्णांचं शरीर मात्र दुसऱ्याची किडनी नाकारायचं. साठच्या दशकात हा नकार दाबणारी औषधं आली, तरी जवळच्या नात्यातली किडनीच जास्त टिकायची. भारतात १९६५ मध्ये मुंबईच्या केईएममध्ये मृत व्यक्तीची किडनी बसवण्याचा प्रयत्न झाला. यश आलं ते १९७१ मध्ये वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये, जिवंत दात्याच्या किडनीमुळे.

ऐंशीच्या दशकात हा नकार आणखी चांगला दाबणारं सायक्लोस्पोरिन हे औषध आलं आणि परक्याची किडनीही टिकू लागली. रुग्णांसाठी ही मोठीच गोष्ट होती. डायलिसिस तेव्हा फार थोड्यांच्या आवाक्यात होतं. सत्तरच्या दशकात खुद्द जयप्रकाश नारायणांच्या डायलिसिस मशीनसाठी लोकांनी वर्गणी काढली होती. पण याच औषधाने बाजारही उघडला. मुंबई, चेन्नई, बंगळुरूत दलाल उभे राहिले, परदेशातून गिऱ्हाइकं येऊ लागली. चेन्नईच्या विल्लीवाक्कम वस्तीत इतक्यांनी किडन्या विकल्या, की लोक तिला 'किडनीवाक्कम' म्हणू लागले. चेन्नईतल्या ३०५ विक्रेत्यांचा एक अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातल्या ९६ टक्के लोकांनी कर्ज फेडायला किडनी विकली होती, आणि सरासरी सहा वर्षांनंतरही सुमारे तीन चतुर्थांश लोक कर्जातच होते. बहुतेकांची तब्येतही आधीपेक्षा खालावली होती. विकणाऱ्यांत ७१ टक्के बायका होत्या. हे आकडे वाचल्यावर "कायदा फार जाचक आहे" असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

१९९४ च्या मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्याने हा व्यापार गुन्हा ठरवला. ४ फेब्रुवारी १९९५ ला तो ज्या राज्यांत सर्वांत आधी लागू झाला, त्यांत महाराष्ट्र आणि गोवा होते. पती-पत्नी, आई-वडील, मुलं आणि सख्खी भावंडं हे जवळचे नातेवाईक ठरले. २०११ च्या दुरुस्तीने आजी-आजोबा आणि नातवंडांची भर पडली. बाकी कुणालाही प्रेमापोटी किडनी द्यायची असेल, तर सरकारमान्य समितीपुढे जायचं आणि यात पैसा नाही हे पटवून द्यायचं. दारं बंद नाहीत, पण फार अरुंद आहेत. शिवाय २०१६ मध्ये पवईत एका बाईला रुग्णाची पत्नी असल्याचं दाखवून किडनी घेण्याचा डाव उघडकीला आला. खऱ्या नवरा-बायकोलाही विवाह प्रमाणपत्र, लग्नाचे फोटो, मुलांचे जन्मदाखले अशी फाइल घेऊन का उभं राहावं लागतं, ते अशा प्रकारांवरून कळतं.

मात्र या कुंपणाची किंमत रुग्णाला मोजावी लागते. आपल्याकडे किडनी जाण्याचं मोठं कारण मधुमेह, आणि तो अनेकदा घराण्यातच असतो. भाऊ तयार होतो, तपासणीत त्याचीच साखर वाढलेली निघते. आई सगळ्यांत आधी पुढे येते, तर तिचं वय आणि बीपी आड येतं. मग उरते बायको, आणि ब्लड ग्रुप जुळला नाही तर तोही रस्ता अवघड. २०११ च्या दुरुस्तीने स्वॅपला, म्हणजे दोन कुटुंबांतल्या दात्यांच्या अदलाबदलीला, मान्यता दिली, तेव्हा ही कोंडी थोडी फुटली: तुझ्या बायकोची किडनी माझ्या भावाला, माझ्या वहिनीची तुला. दोन्ही ऑपरेशनं एकाच वेळी करायची, म्हणजे मध्येच कुणी माघार घ्यायला नको. नाहीतर अवयव वाटपाच्या विभागीय समितीच्या यादीत नाव घालून मृत दात्याच्या किडनीची वाट पाहायची, आणि त्या यादीत वर्षं जातात.

भारतात जिवंत दात्यांत बायका जास्त आणि किडनी मिळणाऱ्यांत पुरुष जास्त, हे चित्र अजून बदललेलं नाही. २०१४ च्या नियमांनी म्हणूनच बजावलं, की दाता स्त्री असेल तर जास्त काळजी घ्यावी आणि तिची संमती स्वतंत्र आहे याची खातरजमा रुग्णाखेरीज दुसऱ्या व्यक्तीकडून करावी. सासरच्या चार माणसांसमोर "माझी ना नाही" म्हणणाऱ्या बाईला खरंच द्यायची आहे का, हे तिच्याशी एकटीशी बोलल्याशिवाय कसं कळणार? हॉस्पिटलमधले चांगले कोऑर्डिनेटर (प्रत्यारोपणाचं काम जुळवून आणणारे समन्वयक) रुग्णाला आणि घरच्यांना बाहेर बसवूनच हे बोलतात. तिने नको म्हटलं, तर घरच्यांना इतकंच सांगतात की या डोनर म्हणून योग्य नाहीत. रुग्णानेही स्वतः मागायला जाऊ नये, डॉक्टरांनी किंवा कोऑर्डिनेटरने सगळ्या घराला एकत्र बसवून माहिती द्यावी, असं मला मनापासून वाटतं. आजारी माणसाला तोंडावर नाही म्हणणं फार जड जातं, आणि त्या नकारानंतरही दोघांना एकाच घरात राहायचं असतं.