तोंडओळखीच्या आधी वासओळख

एप्रिलमध्ये कडब्याची जुनी गंजी उसवताना सालगड्याला तळाशी मांजराचं एक पिल्लू सापडलं. भाटी दोन दिवस फिरकलीच नाही, तेव्हा त्यानं ते टोपल्यात घालून परभणीला आमच्या घरी आणून सोडलं. दोनेक महिन्यांचा बोका, अंगभर कुसळं आणि पिसवा. कडब्यात सापडला म्हणून नाव पडलं कडबू.

घरात नऊ वर्षांची चिंगी आधीपासून होती. आई म्हणाली, "ठेव की तिच्यापुढं. लेकराला बघून माया येईल तिला." ठेवलं. चिंगीनं मान लांब करून एकदा वास घेतला, कान मागं पाडले, शेपटी बाटली धुवायच्या ब्रशासारखी फुगवली आणि फिसकारून एक पंजा ठेवून दिला. कडबू पळाला तो थेट तुरीच्या पोत्यांमागं. चिंगी गच्चीवर गेली ती रात्रीपर्यंत जेवायलाही खाली आली नाही.

आईचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं. पिल्लांना पाजणारी भाटी दुसरीचं पिल्लूही बऱ्याचदा अंगाशी घेते, कारण त्या दिवसांत तिच्या शरीरातले हार्मोनच तसे असतात. पण चिंगीचं नसबंदीचं ऑपरेशन होऊन आठ वर्षं झालेली. तिच्या लेखी घरात कुणीतरी परका शिरला होता, आणि तो परका आहे हे तिला तिच्या नाकानं सांगितलं होतं.

याचं मूळ फार जुनं आहे. मांजरांचे आणि रानमांजरांचे जनुक ताडून पाहिल्यावर २००७ साली स्पष्ट झालं, की घरोघरची मांजरं फेलिस लिबिका या रानमांजराच्या वंशातली आहेत. सायप्रस बेटावर माणसाशेजारी पुरलेलं एक मांजर सापडलं आहे, सुमारे साडेनऊ हजार वर्षांपूर्वीचं. माणूस धान्य साठवू लागला, धान्यामागं उंदीर आले आणि उंदरांमागं हे पाहुणं. ज्यांच्या घरात ज्वारीच्या कणग्या होत्या त्यांना हे वेगळं सांगायला नको. लिबिका एकटीच हिंडते. एक उंदीर म्हणजे एका पोटाची सोय, त्यात वाटेकरी परवडत नाही. लांडगे मिळून मोठी शिकार पाडतात, म्हणून कुत्र्याला कळप कळतो. मांजराला हद्द कळते. कुत्रं माणसाचं आणि मांजर घराचं, असं जुनी माणसं म्हणतात ते बरंचसं खरं आहे.

मग एखाद्या वाड्यात चार-पाच मांजरं गुण्यागोविंदानं कशी नांदतात? नीट पाहिलं तर त्या बहुधा मायलेकी नाहीतर बहिणी निघतात. एकमेकींना चाटून, अंगाला अंग घासून त्या सगळ्यांचा मिळून एक वास तयार करतात. तो ज्याच्या अंगाला येतो, तो घरचा. मांजराच्या गालांवर, हनुवटीवर, कपाळावर, शेपटीच्या मुळाशी आणि पंज्यांच्या गाद्यांमध्ये वासाच्या ग्रंथी असतात. संध्याकाळी तुम्ही दारात पाय ठेवता आणि ती पोटरीला गाल घासते, ते लाड असतातच, पण त्या लाडात तुमच्यावर तिचा शिक्काही बसतो. आमच्या स्वयंपाकघराच्या चौकटीला जमिनीपासून वीतभर उंचीवर एक तपकिरी, तेलकट पट्टा आहे. तो मी इतकी वर्षं फोडणीचा समजत होते. तो चिंगीच्या गालांचा निघाला.

वास वाचायला मांजराकडं नाकाशिवाय आणखी एक यंत्र आहे. वरच्या पुढच्या दातांमागं टाळूला दोन बारीक छिद्रं असतात, ती एका पोकळ अवयवाशी जोडलेली असतात. १८१३ साली लुडविग याकोबसन या डॅनिश शास्त्रज्ञानं पाळीव जनावरांमधल्या या अवयवाचं वर्णन केलं, म्हणून त्याला याकोबसनचा अवयव म्हणतात. मांजर एखाद्या जागी नाक लावतं आणि मग तोंड अर्धवट उघडं ठेवून, वरचा ओठ किंचित उचलून, तंद्री लागल्यासारखं थांबतं, तेव्हा ते हाच अवयव वापरत असतं. माजावर आलेल्या शेळीचं मूत हुंगून बोकड मान वर करतो आणि ओठ मुरडतो, हे शेतकऱ्याच्या घरात लहानपणापासून पाहिलेलं असतं. तीच क्रिया, तोच अवयव.

म्हणून दुसऱ्या दिवशी कडबूची रवानगी आईच्या खोलीत झाली, दार बंद. वेगळं ठेवण्याला आणखी एक सबळ कारण होतं. पिल्लासोबत मांजरांचा पार्वो, म्हणजे पॅनल्यूकोपेनियाचा विषाणू येऊ शकतो. तो घरात वर्षभरसुद्धा टिकतो आणि लस न दिलेल्या मांजराचा जीव घेतो. परभणीच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात कडबूला दाखवलं, पिसवांचं आणि जंतांचं औषध झालं, लसीची पहिली मात्रा झाली. पुढची तीन-चार आठवड्यांनी, आणि रेबीजची तीन महिन्यांचा झाल्यावर. पत्र्याच्या खोलीत ठेवायचा विचार मात्र कुणी करू नये. आपल्याकडच्या मे महिन्यात ती भट्टी होते.

आईच्या खोलीला कूलर आहे. तो बाहेरची हवा आत ओढतो, आणि आतली हवा दाराखालच्या फटीतून घरात येते. त्या हवेबरोबर कडबूचा वासही येई. तिसऱ्या दिवशी चिंगी त्या फटीसमोर पोटावर बसलेली दिसली, नाकपुड्या हलताहेत, तोंड अर्धवट उघडं. आई म्हणाली, "हिला ठसका लागलाय का गं?"

मग वाकळेचा खेळ सुरू केला. जुन्या वाकळेचे दोन तुकडे केले, एक कडबूच्या अंगाखाली, एक चिंगीच्या. दोन दिवसांनी अदलाबदल. कडबूचा तुकडा चिंगीच्या ताटलीपासून सहा हातांवर ठेवला. पहिल्या दिवशी ती जेवायचं सोडून निघून गेली, म्हणून तो आणखी मागं सरकवला. मग रोज वीतभर पुढं. आठवड्यानं ती त्याच तुकड्यावर बसून जेवली. माझ्या मते सगळी लढाई इथंच जिंकली जाते, आणि इथंच लोक घाई करतात.

दुसरी घोडचूक आम्ही पहिल्याच संध्याकाळी केली होती. कडबूनं कोपरा घाण केला म्हणून सगळी फरशी फिनाईलनं पुसली, म्हणजे चिंगीचे सगळे शिक्के ऐन संकटाच्या वेळी पुसून टाकले. वर फिनाईल मांजराला विषारी. असली रसायनं निकामी करणारं आपल्या यकृतातलं एक महत्त्वाचं विकर मांजरात तयारच होत नाही, त्याचा जनुक बिघडलेला आहे. ते पंजे चाटतं आणि विष पोटात जातं. पॅरासिटामॉलची एक गोळीही मांजराला मारू शकते, तीही याच दोषामुळं. साधं साबणाचं पाणी पुरतं.

मांजरं दोन असतील तर शी-शूची घमेली तीन हवीत, म्हणजे एकानं दुसऱ्याची वाट अडवायचा प्रश्न येत नाही. दुकानात मिळणारी गोळा होणारी माती बेंटोनाइटची असते आणि तिच्यातलं मुख्य खनिज मॉन्टमोरिलोनाइट. आपल्या काळ्या रानातही हेच खनिज भरपूर असतं, पावसात फुगून चपलेला किलोभर चिकटतं आणि उन्हाळ्यात भेगा पाडतं ते. मी हौसेनं घमेल्यात काळी माती टाकून पाहिली. घरभर पावलं उमटली. वाळूच बरी.

दोन आठवड्यांनी जाळीच्या दारातून दर्शन, दोन्हीकडं ताटल्या. चिंगी फिसकारली. फिसकारणं म्हणजे भांडण नव्हे, भांडण टाळायची ताकीद असते, तेव्हा त्यावर ओरडू नये. ताठ अंगानं एकटक रोखून पाहणं आणि घशातून निघणारा लांबट, खोल आवाज, हे जास्त वाईट. तसं झालं तर दार लावून दोन पावलं मागं जायचं. मोठ्या मांजरानं दोन दिवस अन्न सोडलं तर यकृतात चरबी साचायला लागते, आणि बोका घमेल्यात बसून नुसता कुंथत असेल तर मूत्रमार्ग तुंबलेला असू शकतो. दोन्ही वेळी सकाळची वाट पाहू नये. नव्या सोबत्याच्या ताणानंही असं होऊ शकतं, आणि तो ताण आपल्याला नेहमी दिसतोच असं नाही.

चौथ्या आठवड्यात दार उघडलं. कडबू शेपटी उभी करून पुढं गेला, म्हणजे मांजरांच्या भाषेत रामराम. चिंगीनं त्याचं डोकं हुंगलं आणि कूलरसमोर जाऊन आडवी झाली. मैत्री म्हणावी असं काही त्यांच्यात झालं नाही. वाकळेच्या दोन टोकांना दोघं झोपायचे, मधली जागा हळूहळू कमी झाली.

दिवाळीनंतर चिंगीची दाढ काढायला तिला दिवसभर दवाखान्यात ठेवावं लागलं. संध्याकाळी पिशवीतून बाहेर आली तेव्हा अंगाला स्पिरिटचा वास. आता तिच्याहून थोराड झालेला कडबू धावत आला, हुंगून थबकला, शेपटी ब्रशासारखी फुगवली आणि तिच्यावर फिसकारला. "बघ की, कालचं लेकरू!" आई म्हणाली, आणि आत जाऊन तीच वाकळ घेऊन आली. चिंगीच्या अंगावर टाकली, आणि हातानं गालापासून शेपटीपर्यंत पुसत बसली.