उन्हात ‘नष्ट’ होणारं प्लॅस्टिक जातं कुठे?

‘ही पिशवी उन्हात आपोआप नष्ट होते’ असा दावा वाचला की पहिला प्रश्न पडतो : नष्ट होऊन जाते कुठे?

शुद्ध पॉलिथिलीनला, म्हणजे पिशव्यांच्या नेहमीच्या प्लॅस्टिकला, उन्हाचं फारसं सोयरसुतक नसतं. जमिनीवर पोचणाऱ्या सूर्यप्रकाशाची तरंगलांबी साधारण 290 नॅनोमीटरच्या पुढची. तो प्रकाश त्यातले कार्बन-हायड्रोजनचे बंध शोषतच नाहीत. प्लॅस्टिक उन्हाने तडकतं ते आत राहून गेलेल्या अशुद्धींमुळे. प्रकाश पकडणारं असं काहीतरी मुद्दामच घातलं, की तडकण्याची वेळ आपल्या हाती येते.

त्यातलं माझं लाडकं रसायन म्हणजे लोहाचं डायथायोकार्बामेट, म्हणजे लोह आणि गंधक असलेलं एक संयुग. शेतात अंथरायच्या मल्चिंग फिल्मसाठी जेराल्ड स्कॉट या ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञाने ते पुढे आणलं. हे बेटं आधी चक्क राखणदारी करतं! ऑक्सिजनमुळे प्लॅस्टिकच्या साखळीवर हायड्रोपेरॉक्साइड (सहज फुटणारे ऑक्सिजनयुक्त गट) तयार होतात, त्यांना यातला गंधकाचा भाग निकामी करतो. पण ऊन गंधकाचा हा साठाही संपवत असतं. तो संपला की लोह मोकळं होतं आणि फितूर होतं. फेरस आयन (लोहाचं एक विद्युतभारित रूप) हायड्रोपेरॉक्साइडला इलेक्ट्रॉन देऊन फोडतो व स्वतः फेरिक, म्हणजे एक इलेक्ट्रॉन कमी असलेला, होतो. प्रकाश त्याला परत फेरस करतो, की चालला पुढच्या पेरॉक्साइडवर. लोह खर्चच होत नाही, म्हणून चिमूटभर पुरतं. फुटलेल्या पेरॉक्साइडमधून अल्कॉक्सी मूलक (एकटा इलेक्ट्रॉन असलेला, अतिक्रियाशील तुकडा) निघतो, त्याच्या शेजारचा कार्बन-कार्बन बंध तुटतो आणि टोकाला कार्बोनिल गट (कार्बन-ऑक्सिजनची दुहेरी बंधाची जोडी) उरतो. तोही अतिनील किरण शोषतो, म्हणजे तोडफोडीला आणखी एक हात. संयुगाची मात्रा बदलून फिल्म किती काळ टिकवायची हे ठरवता येतं.

आता ती फिल्म चिमटीत धरा, चुरा होतो. पण हजारो कार्बनांच्या साखळीत मोजकेच बंध तुटले तरी ताकद जाते; कार्बन जवळपास सगळा त्या चुऱ्यातच असतो. जिवाणूंना पचायला साखळ्या याहून कितीतरी आखूड लागतात. कचऱ्याच्या ढिगाखाली तर ऊनही नाही, ऑक्सिजनही जेमतेम. ‘निसर्गात विलीन’ वगैरे जाहिरातवाल्यांचं अध्यात्म झालं. युरोपीय संघाने 2019च्या निर्देशानुसार ऑक्सो-विघटनशील (म्हणजे असं रसायन घालून ऑक्सिजनने तुकडे होणाऱ्या) प्लॅस्टिकच्या वस्तू जुलै 2021पासून बाजारातून बाद केल्या, त्यामागचं एक मोठं कारण हा चुराच.

पांढऱ्या रंगासाठी घालतात त्या टायटॅनियम डायऑक्साइडचंही असंच. सिलिका-अ‍ॅल्युमिनाचा लेप दिलेलं त्याचं रुटाइल रूप अतिनील किरण अडवून प्लॅस्टिक वर्षानुवर्षं सांभाळतं. लेप नसलेलं अ‍ॅनाटेज मात्र प्रकाश पडताच पाणी आणि ऑक्सिजनपासून मूलक तयार करतं, आणि पृष्ठभागावर बोट फिरवलं तर खडूसारखी पांढरी पूड हाताला लागते.